साहेबांची चुंगी

"भैरवगढचे छिपे संपले," निगुडकर साहेब म्हणाले आणि टाइप केलेला कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "वाचा. काही चुकलं असेल तर सांगा. चुकलेलं नाहीये म्हणा."

मी वाचलं. उज्जैनच्या आसपासच्या ग्रामीण भागातली कापडछपाई जवळजवळ बंद पडली आहे, तिच्यातले कामगार शहरातल्या गिरण्यांत गेले आहेत, सबब भैरवगढला मंजूर झालेल्या रंगाई-छपाई केंद्राची आता गरज उरलेली नाही, असा मजकूर होता. मजकूर छान होता. अडचण एवढीच होती की आदल्या आठवड्यातच भैरवगढचा करीमचाचा, कापड छापणारा छिपा, आमच्या माधव नगरच्या घरी चादरी घेऊन आला होता आणि माझ्या बायकोशी त्यानं कडाडून घासाघीस केली होती. संपलेल्या माणसाच्या अंगात इतकी घासाघीस नसते.

मी तेव्हा मध्यभारत सरकारच्या आकडेखात्यात कॉम्प्युटर होतो. दचकू नका. त्या काळी कॉम्प्युटर हे माणसाच्या पदाचं नाव होतं. दिवसभर बेरजा करायच्या, टक्केवारी काढायची, तक्ते जुळवायचे, असं ते काम. ग्वाल्हेर, इंदूर आणि बाकीची लहानमोठी संस्थानं एकत्र करून मध्यभारत नावाचं राज्य नुकतंच झालं होतं. आमचे पणजोबा ग्वाल्हेर दरबारच्या दफ्तरात कारकून म्हणून उज्जैनला आले, मी सरकारच्या दफ्तरात कारकून. दरबार गेला, दफ्तर तेवढं राहिलं.

नव्या सरकारला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. राज्य झाल्यावर कामधंदा कुठे वाढला, शहरात की खेड्यात? त्यासाठी आम्ही दोन गणना समोरासमोर मांडत होतो, एक संस्थानी अमदानीतली आणि एक नवी. प्रत्येक धंद्यासाठी एक ओळ, शहराचा एक खाना, खेड्याचा एक. जुना आकडा, नवा आकडा, फरक किती. ऐकायला बाळबोध वाटतं, आणि बहुतेक ठिकाणी होतंही तसंच.

आमच्या विभागात कापडाच्या ओळीनं मात्र कमाल केली होती. खेड्याच्या खान्यातले कापड कामगार धाडकन खाली, शहराच्या खान्यातले तसेच वर. साहेबांनी दोन्हींवर पेन्सिल टेकवली.

"इथले गेले, तिथे आले. माणसं हवेत विरत नाहीत, पुराणिक. गिरणीत गेली."

"पण साहेब, छिपे आहेत."

"कुठे आहेत?"

"भैरवगढला."

"तक्त्यात कुठे आहेत?"

मी म्हटलं, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? एकदा जाऊन बघून येऊ. टांग्यानं कितीसा वेळ लागतो?"

"आणि एक छिपा दिसला म्हणून आकडा बदलू? मग उद्या प्रत्येक कारकून आपल्या मेहुण्याला बघून आकडा बदलेल. आपलं काम टेबलावरचं आहे."

हे त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. निगुडकर साहेब ग्वाल्हेरहून नवे बदलून आलेले, गणितात पक्के आणि सचोटीला इतके कडक की ऑफिसच्या शाईनं घरचं पत्र लिहीत नसत. त्यांनी लिहिलं की वर कुणी शंका घेणार नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं.

आणि मला त्या केंद्राची काळजी होती. केंद्र म्हणजे फार काही मोठं नव्हतं. क्षिप्रेच्या काठाला कापड धुवायचा पक्का घाट, रंग उकळायला मोठे हंडे आणि वर एक लांबलचक छप्पर, एवढंच. पण छिप्याला छप्पर म्हणजे चार महिन्यांची भाकरी. लाकडी ठशानं छापलेलं कापड वाहत्या पाण्यात धुवायला लागतं, मग उन्हात वाळवायला लागतं. पावसाळ्यात नदी गढूळ, ऊन नाही, काम ठप्प. त्या दिवसांत तरणी पोरं गिरणीच्या फाटकाकडे बघायला लागत. करीमचाचाचा मुलगा युसुफ असाच बघायला लागला होता. चाचा मला चादरींच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाला होता, "केंदर बन जाए तो लड़का यहीं रुकेगा, बाबूजी. नहीं तो मिल में नाम लिखा देगा. हाथ अच्छा है उसका, मेरे से अच्छा." केंद्र मंजूर झालंय, हे मीच त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"मग सही कधी करताय, साहेब?" मी विचारलं.

"सही?" साहेबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "आता पितृपक्ष लागला. घटस्थापनेला करू."

कलनशास्त्र कोळून प्यायलेला माणूस, पण पितृपक्षात नव्या कागदावर सही करणार नाही. मी मनातल्या मनात आमच्या सगळ्या पितरांना हात जोडले.

त्याच आठवड्यात साहेबांच्या मातोश्री ग्वाल्हेरहून आल्या. सगळे त्यांना माई म्हणत. साहेबांच्या वडिलांचं श्राद्ध यंदा उज्जैनलाच करायचं होतं. साहेबांचा बेत राम घाटावर उरकून अकराला ऑफिसात हजर व्हायचा होता. माईंनी मला बोलावून घेतलं.

"तुम्ही इथले. सांगा बरं, पिंडदान कुठे करावं?"

"राम घाट चांगलाच आहे, माई. पण पितरांसाठी म्हणाल तर सिद्धवट. तिथल्यासारखं पुण्य नाही."

"मग सिद्धवटालाच," माई म्हणाल्या. विषय संपला. माईंच्या पुढे साहेबांचं गणित चालत नसे.

सिद्धवट हा पवित्र वड भैरवगढला आहे. अगदी छिप्यांच्या शेजारी. मी खोटं काहीच बोललो नव्हतो, पण त्या क्षणी माझ्या मनात पुण्य कमी आणि छिपे जास्त होते, हेही खरं.

तिथीच्या दिवशी सकाळी आम्ही टांग्यानं निघालो. साहेब धोतर-उपरण्यात, माई मागे, मी टांगेवाल्याशेजारी. विधी यथासांग झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला, त्यामुळे माई प्रसन्न झाल्या आणि तिथून नदीकाठानं सावकाश चालू लागल्या. पाऊस उघडला होता. काठावर लांबच लांब लाल-काळी कापडं वाळत पडली होती. गुडघाभर पाण्यात उभे राहून छिपे कापड आपटत होते. वरच्या ओसऱ्यांमधून ठशांचा ठक ठक आवाज येत होता.

साहेब थबकले. "हे सगळे?"

"छिपे," मी म्हणालो. आणखी बोलायची फार इच्छा होती.

करीमचाचा मला बघून पुढे आला. साहेबांनी त्याला सरळ विचारलं, "आपके यहाँ से मिल में कितने लोग चले गए?"

"मिल में?" चाचा हसला. "जाने को तो सब बैठे हैं, साब. अभी तक गया कोई नहीं. चले जाते तो ये कौन छापता?"

साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "पुराणिक, एका नदीकाठावरून काही सिद्ध होत नाही." पण आवाजात पहिला जोर नव्हता.

इतक्यात माईंच्या लक्षात आलं की आपले परंपरागत तीर्थोपाध्याय राम घाटावर असतात. श्राद्ध इथे केलं, तर त्यांना वस्त्रदान तरी पोचवायला हवं. त्यांनी करीमचाचाकडून एक चादर पसंत केली. भाव कमी करायला सांगितला. चाचानं केला नाही. माईंनी परत सांगितलं. शेवटी दानाची वस्तू आहे म्हटल्यावर चाचानं हात जोडून भाव उतरवला, आणि चादर मांडीवर घेऊन माई टांग्यात बसल्या.

टांगा थोडा पुढे गेला आणि साहेब म्हणाले, "नाक्यावर थांबवा. चुंगी भरायचीय."

चुंगी म्हणजे बाहेरचा माल शहरात आणताना म्युनिसिपालिटी जो कर घेते तो. शहराच्या वेशीवर नाका असतो, तिथे मुन्शी बसलेला असतो. आता घरच्या एका चादरीवर चुंगी कुणी मागत नाही आणि कुणी भरतही नाही. मी तसं सांगितलं.

"दानाची वस्तू आहे," साहेब म्हणाले. "कर चुकवून आणली तर वडिलांना पुण्य कसं पोचेल?"

माईंनी मान डोलावली. टांगेवाल्यानं मात्र लगाम ओढून मागे बघितलं. "कौन सा नाका, साब?"

"इथे रस्त्यात होता ना? येताना नाक्याची कोठी दिसली."

"कोठी है, नाका कहाँ है? नाका तो कब का उठ गया. आगे चला गया, भैरवगढ के उस पार. अब ये सब शहर में है."

"म्हणजे आम्ही शहरात शिरतोय तरी कुठून?"

"शिरना कैसा, साब?" टांगेवाला आमच्यात राहून थोडं मराठी शिकला होता. "आप तो सुबह से शहर में ही बैठे हो."

साहेबांनी टांगा उभा करवला. कोठीत कुणीतरी बकऱ्या बांधल्या होत्या. साहेब त्या बकऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. माझ्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता, पण ते काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं.

"पुराणिक, जुन्या गणनेत भैरवगढ कुठे होतं?"

"खेड्यात."

"आणि नव्या?"

"नाका पलीकडे गेला असेल तर शहरात."

"शहराच्या तक्त्यात छिप्यांना वेगळा खाना आहे?"

"नाही साहेब. कापड कामगार सगळे एकत्र."

"म्हणजे गिरणीवाल्यांबरोबर."

"हो."

साहेबांनी कपाळावरचं गंध पुसलं जाईल इतक्या जोरात कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागले. "अहो, कुणी कुठे गेलंच नाही! आपणच त्यांना उचलून शहरात नेऊन ठेवलं, आणि वर म्हणतोय गिरणीत गेले!"

"अरे, हसतोस काय श्राद्धाच्या दिवशी?" माई म्हणाल्या. "चल ना, गुरुजी वाट बघत असतील."

मला इतका आनंद झाला की राम घाटावर मीही गुरुजींना दक्षिणा देऊन टाकली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे तक्ते पुन्हा काढले. पितृपक्षात नवं काम करत नाहीत, पण जुनं निस्तरायला हरकत नाही, असा निवाडा साहेबांनीच दिला. युक्ती साधी होती. मुलाची उंची चौकटीवर खूण करून मोजतो ना, तेव्हा चौकट तीच लागते. गेल्या वर्षी एका दाराशी आणि यंदा दुसऱ्या दाराशी उभं केलं तर वाढ कसली कळणार? म्हणून जिथे जिथे शहराची वेस सरकली होती, तिथे आम्ही दोन्ही वर्षांसाठी जुनीच वेस धरली. भैरवगढ दोन्ही वेळा खेड्यात.

आणि काय सांगू, तक्ता एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. खेड्यांची धाडकन पडझड नाहीशी झाली. शहरांची उंच उडीही नाहीशी झाली. दोन्हीकडे कामधंदा वाढत होता. शहरात थोडा जास्त, खेड्यात थोडा कमी, आणि एकंदरीत बेतानंच. केंद्राची गरज नाही हे वाक्यही गळालं, आणि वाचून कुणी टाळ्या वाजवणार नाही असा तो रिपोर्ट झाला.

वाजवल्या नाहीतच. घटस्थापनेला सही होऊन तो वर गेला आणि ग्वाल्हेरहून मोठ्या साहेबांचा ट्रंक कॉल आला. मी समोरच उभा होतो.

"हो सर," निगुडकर साहेब म्हणाले. "हो, पहिला ड्राफ्ट जास्त उठावदार होता... नाही सर, तो पाठवता येणार नाही... कारण त्या ड्राफ्टप्रमाणे जी माणसं गिरणीत आहेत, त्यांच्याकडून मी नुकतीच चादर घेतली."

केंद्र झालं. सरकारी वेगानं झालं, म्हणजे आम्ही आशा सोडल्यावर. साहेब आणि मी बघायला गेलो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता, आणि छपराखाली ठशांची ठक ठक चालू होती. युसुफ ओळीत मधोमध उभा राहून छापत होता. त्यानं आमच्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. ठसा टेकवताना वर बघितलं तर नक्षी चुकते. पावसाळ्यात तो पोरगा तिथे उभा आहे, एवढं मला पुरे होतं.

करीमचाचानं चहा मागवला आणि साहेबांना विचारलं, "साब, एक बात बताओ. हम गाँव वाले हैं कि शहर वाले? नाके वाला कुछ बोलता है, आप लोग कुछ बोलते हो."

"चाचा," साहेब म्हणाले, "आप यहीं वाले हैं."

पुढे काही वर्षांनी मध्यभारतच गेला आणि मध्यप्रदेश आला. राजधानी भोपाळ झाली, निगुडकर साहेब बढतीवर तिकडे गेले. मी उज्जैनलाच होतो. तेच ऑफिस, तीच खुर्ची, खिडकीबाहेर तोच कडुनिंब. नव्या राज्याचा नोकऱ्यांचा पहिला तक्ता तयार झाला, त्यात आमच्या ऑफिसपुढे जुन्या खान्यात शून्य होतं, कारण उज्जैनमध्ये आदल्या वर्षी मध्यप्रदेश सरकारच्या नोकरीत कुणीच नव्हतं. नव्या खान्यात आम्ही सगळे. म्हणजे केस पिकायला लागल्यावर मी 'नवीन रोजगार' झालो होतो.

तपासणीसाठी तक्ता भोपाळला गेला आणि परत आला. आमच्या ओळीसमोर निगुडकर साहेबांच्या ओळखीच्या अक्षरात लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हे पुराणिक वगैरे लोक कुठून आले? तपासून कळवा.'

आकडा हलला की आधी बघावं, माणूस हलला का रेघ. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं, 'कुठूनही नाही, साहेब. आम्ही इथलेच. नाका सरकला.'