सोललेला मणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, साठी उलटेपर्यंत एकाही पाहुण्याला एकट्यानं जेवू दिलं नाही. कवठे महांकाळला त्यांची द्राक्षबाग आणि बागेच्या कडेलाच घर. सकाळी वायरमन आला की त्याच्याबरोबर, दुपारी व्याही आले की त्यांच्याबरोबर, तिन्हीसांजेला म्हशीचे डॉक्टर आले की त्यांच्याबरोबर दाजी ताट घेऊन बसायचे, आणि नुसते बसायचे नाहीत, बरोबरीनं जेवायचे. आपण हात आखडला की पाहुणा लाजतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी साताऱ्याहून उशिरा पोचले, त्या दिवशी त्यांची तीन जेवणं झालेली होती; तरी ताईला म्हणाले, "सातारकरांना एकटं कसं बसवायचं? मला बी वाढ."

द्राक्षाच्या हंगामात तर हा माणूस कुणाचे हात रिकामे बघूच शकत नसे. बँकेचे साहेब असोत, मीटर बघायला आलेला असो, हातात घड आलाच. तोही एकेक मणी तोडून खाल्लेला त्यांना चालायचा नाही. असा खाणारा माणूस त्यांच्या लेखी एकतर आजारी असायचा, नाहीतर सरकारी. घड देठाला धरून उंच करायचा आणि खालून तोंड लावायचं. व्यापाऱ्यानं साखर मोजायचं यंत्र खिशातून काढायच्या आत दाजी मणी चघळून आकडा सांगत आणि यंत्र निमूटपणे तोच आकडा दाखवी. आणि सौदा ठरायच्या आधी एक गोष्ट व्हायचीच. व्यापारी विचारायचा, फवारणी कधी केली? दाजी उत्तर द्यायचे नाहीत. समोरचा घड तोडायचे आणि न धुता, न पुसता, व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत सगळा खाऊन टाकायचे. मालकानं स्वतः खाल्ला म्हणजे माल निर्धोक. त्या भागात हीच पद्धत, आणि दाजींइतक्या थाटात ती कुणी पाळत नसे.

या सगळ्याचं जे व्हायचं ते झालं. वजन वाढत गेलं, साखर गोळ्यांना जुमानेना, वेलीच्या बुंध्याशी बसलं तर उठवायला दोघं लागू लागले. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून पोटच लहान करायचं सुचवलं. दाजी बेदाण्यांचा बॉक्स घेऊनच दवाखान्यात गेले. दिवसाला किती द्राक्षं खाता, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाले, "मोजून खायला ती काय गोळ्या हायत?" ऑपरेशन चांगलं झालं. मी रजा टाकली, साताऱ्याहून माझा मिक्सर घेऊन आले, दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलेलं सगळं मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर लावलं आणि कामाला लागले. आधी पातळ, मग मऊसर, मग शिजवून घोटलेल्या भाज्या. ताजी फळं त्यानंतर, एका वेळी एकच नवीन, साल काढून आणि तोंडात पार पाणी होईपर्यंत चावून.

वजन झपाट्यानं उतरलं आणि त्याबरोबर माणूसही उतरला. घोटलेल्या दुधीच्या वाटीसमोर दाजी असे बसायचे, जणू कुणीतरी गेल्याचा निरोप आलाय. पपईची परवानगी मिळाली त्या दिवशी मात्र त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, खुर्ची बागेकडे तोंड करून ठेवायला लावली. मी पिकलेल्या पपईच्या बारीक फोडी दिल्या. एक फोड त्यांनी डोळे मिटून बराच वेळ चावली. दुसरी अर्धी झाली आणि उचकी लागली. पोट भरल्याची ती खूण होती. बशी बाजूला सारून ते रडले. पपईच्या फोडीवरून रडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला हसू आलं नाही.

पुढं पुढं कुणी आलं की ते आतल्या खोलीत जाऊन पडायला लागले. पाहुणे बाहेर एकटे जेवायचे. ताई वाढायची आणि सगळे उठल्यावर स्वयंपाकघरात आपलं ताट घ्यायची. चिकू झाला, सोललेली काकडी झाली. द्राक्षं यादीत सगळ्यात शेवटी होती, तीही सोलून. हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, संतापतील. ते म्हणाले, "सोलून?" आणि तोंड फिरवलं.

नेमका त्याच सुमारास एक नवा व्यापारी बाग बघायला आला. मांडवाखाली दाजी, तो, चहा घेऊन आलेली ताई आणि मी. माल बघून तो खूश होता. मग त्यानं तो प्रश्न विचारला. दाजींनी सवयीनं घडाला हात घातला आणि माझ्याकडं पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. पण न खाणं म्हणजे फवारणी कालची आहे असं कबूल करणं, आणि सावकाश चावत बसणं म्हणजे भ्यायल्यासारखं दिसणं. दाजींनी घड उंच धरला आणि पूर्वीसारखं खालून तोंड लावलं. निम्मा घडही गेला नसेल, त्यांचा हात छातीवर आला. ठिबकच्या नळीशेजारी ते मटकन खाली बसले, तोंडाला फेस आला आणि सालीसकट सगळं बाहेर पडलं.

व्यापाऱ्यानं आपल्या हातातला घड हळूच खाली ठेवला आणि रुमालानं बोटं पुसली. पोटाचं ऑपरेशन झालंय हो, असं ताईनं घाईनं सांगितलं, तर तो आणखी एक पाऊल मागं सरकला. फोन करतो म्हणाला. फोन आला नाही. दोन दिवसांत तालुकाभर झालं की दाजींना स्वतःचीच द्राक्षं बाधली. मी ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून लहान पोट आणि द्राक्षाची साल यांचा संबंध समजावत होते. लोक सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, पण औषध कुठलं मारलं होतं?

माल वेलीवर पिकत होता आणि गिऱ्हाईक नव्हतं. दाजींनी पपईसुद्धा सोडली. भिंतीकडं तोंड करून पडल्या पडल्या एकदा मला म्हणाले, "सातारकर, मालकच आपला माल ओकला. आता कोण घील?"

शेवटी शेजारच्या बागेत आलेला एक व्यापारी, आलोच आहे तर बघून जाऊ म्हणून आत शिरला. दाजी खोलीतून उठले नाहीत. त्यानंही तोच प्रश्न विचारला. तेव्हा ताई पुढं झाली. व्यापाऱ्यासमोर ती आजवर फक्त चहा घेऊन आलेली. तिनं पदर खोचला, घड तोडला आणि तसाच न धुता खायला लागली. तिला द्राक्षं आवडत नाहीत, लहानपणापासून तिचा घसा धरतो, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. तिनं अख्खा घड संपवला, देठ त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "थांबा की वाईच. मी पडतीया का बघा, मगच जावा."

तो थांबला. चहा झाला, तोवर ताईनं त्याच्यादेखत गोठा झाडला, पाणी भरलं. सौदा झाला. भाव पडूनच मिळाला, पण माल गेला.

संध्याकाळी ताई एक घड आणि वाटी घेऊन दाजींच्या खोलीत गेली. मी दारात होते. तिनं नखानं एका मण्याची साल अलगद काढली आणि मणी त्यांच्या तळहातावर ठेवला. दाजी त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तू बी बस की. एकट्यानं कसं खायाचं?"

लग्न होऊन आल्यापासून हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती बसली, आणि न आवडणारा एक मणी तिनंही तोंडात टाकला. दाजी बराच वेळ चावत होते. यंत्राच्या आधी आकडा सांगणारी ती जीभ. मी वाट बघत होते.

"गोड हाय का न्हाई, काय कळंना बघ," ते म्हणाले.

"हाय की. लय गोड हाय."

"व्हय?" दाजींनी दुसऱ्या मण्यासाठी हात पुढं केला. "तू म्हणतीस तर आसंल."