सारखी दिसणारी शेवाळं

आंबोलीच्या घाटातल्या दगडी कठड्यावर दोन प्रकारची शेवाळं शेजारीशेजारी उगवतात. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. भिंगातून पाहिलं, की एकाच्या पानाची मधली शीर टोकाबाहेर केसासारखी वाढलेली दिसते. दुसऱ्याची टोकाच्या आतच थांबते. हा फरक मला सुनंदाने दाखवला. आम्ही दोघी एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि पावसाळ्यात तिथे जायचो. आता काचबिंदूने तिची नजर गेली आहे.

यंदा मी एकटीच गेले आणि दोन्ही शेवाळं कागदात गुंडाळून तिच्या घरी नेली. तिने पहिल्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून, पुन्हा पहिल्यावरून.

"दोन्ही सारखीच लागतात गं."

"इतके बारीक केस बोटाला कसे कळणार?"

"डोळ्यांना कळायचे," ती म्हणाली.

जन्मभर जे फरक ओळखायला शिकलो, ते असे पुन्हा पुसले जातात.

"हिरवी आहेत ना अजून?" तिने विचारलं.

प्रवासात दोन्ही वाळून तपकिरी पडली होती.

"आहेत," मी म्हटलं.

"मग खिडकीत ठेव. त्यांना उजेड लागतो."