खाऱ्या बांगड्याची अट

चालून आलेलं गिऱ्हाईक हाकलून लावायची जगातली सगळी हुशारी देवाने एकट्या माझ्या आईच्या मैत्रिणीला देऊन टाकली आहे. मी तिला मावशी म्हणते. ती दांडी गावची, बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते. जवळा, बोंबील हवे तेवढे न्या. खारा बांगडा मागितलात की मात्र चौकशी सुरू. "पोर पोटात असताना पिरेशर व्हता काय तुना?" बाई हो म्हणाली की बांगडा टोपलीत परत. "मिठाचा नाय मिलनार. बोंबील ने, नुसत्या उनात सुकवलाय. आन आदी पिरेशर मोजून ये." एकदा कारखान्याच्या पाळीवरून सुटलेला एक कामगार म्हणाला, "मौसी, बांगडा दे दो, घरवाली गाँव से आयी है." झालं! भर बाजारात मावशी कडाडली, "घरवाली पेट से थी तब पिरेशर था क्या?" बिचारा कानापर्यंत लाल. त्याने तिथूनच बायकोला फोन लावून विचारलं आणि खालच्या आवाजात कबुली दिली, "था, मौसी." बांगडा तर मिळाला नाहीच, वर त्याच फोनवर मावशीने त्या न पाहिलेल्या बाईला आपल्या हिंदीत यथेच्छ झापलं.

या सगळ्याला जबाबदार मी. आम्ही चार-पाच मुली गावोगाव आरोग्याची पत्रकं वाटतो. मावशी त्यात जवळा बांधून द्यायची. एक दिवस मी भडकले, "मावशी, ते वाचायला छापलंय!" ती थंडपणे म्हणाली, "मंग वाच." मी वाचलं: गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल, तर तो बाळंतपणानंतर उतरला तरी पुढे हृदयविकाराचा धोका जास्त राहतो, म्हणून दरवर्षी तपासा. तिचे हात थांबले. "माज्या दिपूच्या टायमाला मना झटके आलेले. सगली बोलली, पोर झाला, पिरेशर गेला. मंग ह्या मना कोनी कसा नाय सांगला?" मला राग आला. अजून आहे. बाळाच्या हाती लसींचं कार्ड देतात, पुढच्या तारखा घालून देतात. आणि आईला? घरी जा आणि पेढे वाटा! बाईचं हृदय बाळंतपणात रिटायर होतं, अशी समजूत आहे काय या लोकांची?

त्या दिवसापासून मावशीच आमचं पत्रक झाली. घिवली गावातल्या आमच्या रक्तदाब तपासायच्या शिबिरात बायकांना दंडाला धरून आणायची. स्वतःचा दंड मात्र द्यायची नाही. "मासलीचा हात हाय, मशीन वासंल." कधी बांगड्या घट्ट, कधी अमावास्या. इकडे टोपली घेऊन किनाऱ्याचा बंधारा चढताना तिला तीनदा थांबावं लागायचं. शेवटी मी तोंडावर सांगितलं, "मावशी, तू घाबरट आहेस." ती चिडली नाही. "पिरेशर निगला तं दिपूला वाटंल, माज्यापायी आयला झाला. लोका अजून त्याला झटक्याचा बोलतात."

गोष्ट पोटात ठेवायची मला सवय नाही. त्याच संध्याकाळी मी दिपूला सगळं सांगून टाकलं. मला त्याची लाज वाटत नाही.

पुढच्या शिबिरात तो तीस वर्षांचा आडदांड खलाशी खुर्चीत बसला आणि बाही वर करून म्हणाला, "माजा मोज. आये, तवा आपुन दोगं मरनार व्हतो, दोगं वाचलो. आता मी एकट्याने वाचू काय?" मावशीने त्याला दोन कचकचीत शिव्या घातल्या आणि निमूट हात पुढे केला. आम्ही तिचा तीनदा मोजला, आकडा काही उतरेना. पुढे सरकारी दवाखान्यातही तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या.

आता तिच्या मिश्रीच्या डबीत मिश्री नसते, गोळ्या असतात. बंधारा ती एका दमात चढते आणि वर पोचल्यावर मी बघतेय की नाही ते बघते. जन्मभर खाऱ्या बांगड्याशिवाय घास न उतरलेली बाई अळणी आमटी जेवते, आमटीला आणि मला सारखीच नावं ठेवते.

परवा दुपारी बाजार ओसरला होता. तिने टोपलीतला सगळ्यात चांगला बांगडा उचलून नाकाशी धरला, डोळे मिटले. मग एक डोळा उघडून म्हणाली, "पोरी, वासाने पिरेशर वाढतो काय गं?"

मी पिशवीतलं पत्रक काढून उलटसुलट पाहिलं. वासाबद्दल त्यात काहीच छापलेलं नव्हतं. "नाही वाढत, मावशी," मी म्हणाले. "घे तू."