शालनबाईंच्या खोलीतले टाको

शेजारच्या शालनबाईंची ही वर्षातली तिसरी खोली. पहिल्या मालकाने आडनाव कळल्यावर सामान बाहेर काढायला लावलं, दुसऱ्याने जादा भाडं देणारा मिळाला म्हणून. भोसरीतल्या आमच्या चाळीचे मालक मारुतराव यांनी आडनाव विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, "डुक्कर तेवढं शिजवायचं न्हाई. ज्या दिवशी शिजंल, त्या दिवशी कुलूप." लेक तनुजा दहावीला. तिच्या परीक्षेपर्यंत इथून हलायचं नाही, असं शालनबाई मला दोनदा बोलल्या.

त्या मूळच्या हिंगोलीच्या. एका कंपनीच्या कँटीनला बारा वर्षं भाकऱ्या थापल्या. ठेकेदार बदलला, बाया कमी केल्या. आता चाकणच्या एका गेस्ट हाऊसात मेक्सिकोचे इंजिनियर उतरलेत. त्यांना त्यांच्याकडच्या गाड्यावर मिळतात तसे, मक्याच्या छोट्या रोटीत मांस भरून दुमडलेले टाको हवेत, तेही डुकराचेच. मॅनेजर म्हणाला, गुरुवारी दुपारी एकपर्यंत घरून करून आणा, आवडले तर कायमचं काम.

आज गुरुवार. सकाळी नऊला त्यांनी माझी कडी वाजवली. "वैनी, मक्याची रोटी फाटायली. तेवढी बघा, बाकी कशाला हात लावू नका." मी माळकरी. पीठ ते पीठच, असं देवाला सांगून गेले.

खिडकीला टॉवेल लावला होता. मांसाचे पातळ काप भिजवलेली ब्याडगी मिरची, लसूण, व्हिनेगर आणि अननसात मुरत होते. तिकडे म्हणे अशा कापांची चळत सळईला उभी लावून भाजतात. इथे सळई कुठली? काप तव्यावर पसरून त्यांनी वर वरवंटा दाबून धरला. मी पिठात उकळतं पाणी ओतलं, तांदळाच्या भाकरीला ओततो तसं. तळहाताएवढ्या रोट्या अखंड उतरल्या.

"बारा वर्षं मी उगीच थापल्या म्हणा की," शालनबाई हसल्या.

मग चरबी सुटली. अननसाने वास झाकेल असं वाटलं होतं, पण तो खोलीत मावेना. बाहेर नळावरच्या बायकांचं बोलणं एकाएकी थांबलं.

दारात छबूबाई, मारुतरावांची बायको. उंबरा ओलांडला नाही.

"कशाचं शिजतंय गं?"

"मटण हाय, काकू."

छबूबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगा. गळ्यात माळ हाय तुमच्या. तुमी म्हनाल ते मी मानीन."

माझे हात पिठात. मटणच आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागत होतं. खरंही बोलवेना, खोटंही.

शालनबाईंनी गॅस बंद केला. "डुकराचं हाय, काकू. त्यांना पापात घालू नका."

छबूबाईंनी पदर नाकाला लावला. "ह्येंना सांगते," म्हणाल्या आणि गेल्या.

शालनबाईंनी तरीही डबा भरला. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. "तनुजा आली तर तुमच्याकडं बसवा," म्हणत शेअर रिक्षा गाठली.

दोनला मारुतराव आले. शालनबाईंच्या कुलपाशेजारी स्वतःचं कुलूप लावलं. मी दारात होते. "वैनी, तुमी यात पडू नका." मी पडले नाही.

चारला फोन आला. "वैनी, साहेबांनी सहा-सहा खाल्ले! उद्यापासून या म्हणाले. तिकडं सगळं बरं हाय ना?"

"आधी या तुम्ही," एवढंच मला म्हणता आलं.

आता साडेपाच वाजलेत. त्या अजून पोचल्या नाहीत. तनुजा दप्तर घेऊन दारापुढे उभी आहे. आपलं कुलूप तिने काढलं, दुसरं ओढून बघतेय.

"काकू, ह्याची किल्ली कोणाकडंय?"