कचरूचं नाव बदलायचं नाही

रविवारी संध्याकाळी चंद्रपुरातली आमची मेस बंद असते. दुपारची पंगत उठली की मेसवाल्या काकू मेणकापड पुसून घेतात, पंखा चालूच ठेवतात आणि आम्हा चौघांना तिथे बसू देतात. त्यांची अट एकच. फासा स्टीलच्या ताटात टाकायचा नाही, त्या आवाजाने त्यांची झोप मोडते. म्हणून आम्ही घडी घातलेल्या टॉवेलवर फासा टाकतो. वीस बाजूंचा तो लाल फासा पहिल्यांदा पाहिला तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "हे काय बाप्पा, पिकलं बोर?"

खेळ सांगायला सोपा आहे. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक माणूस तयार करतात, त्याचं नाव आणि त्याला काय किती येतं ते एका कागदावर लिहितात आणि त्या गोष्टीत त्या माणसासारखे वागतात. "मी नदीत उडी मारतो" असं म्हटलं की फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर पलीकडे पोचलो, लहान आला तर बुडालो. गोष्ट सांगायचा तो आमचा सिनिअर, चंद्रपूरचाच. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. त्याच्या गोष्टीत लोखंडाचा एक डोंगर होता, घनदाट जंगल होतं आणि डोंगराखाली झोपलेला एक राक्षस होता. खेळाच्या छापील पुस्तकात बर्फ आणि किल्ले असतात म्हणे, पण मास्तर म्हणाला की बर्फ आपण कोणीच पाहिला नाही, जंगल पाहिलं आहे.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून की काय, मी प्रत्येक गोष्ट जरा जास्तच मनावर घेतो, खेळसुद्धा. पहिल्या रविवारसाठी मी आठवडाभर नाव शोधत होतो. शेवटी माझ्या योद्ध्याचं नाव ठेवलं वज्रसेन. वर्गातली आरमोरीची मैत्रीण खेळत होती, तिच्या तिरंदाज बाईचं नाव तारका. मग मास्तरने माझ्या रूममेटकडे पाहिलं. तो सिंदेवाहीचा. भात संशोधन केंद्राच्या मागेच त्याचं घर आहे आणि कुठल्याही गोष्टीतून हसू काढणं हा त्याचा जन्माचा धंदा आहे.

"कचरू," तो म्हणाला. "कचरूसिंग बादशाह. हातात गदा, डोक्यावर टोपलं."

मास्तर हसला. आतून काकूसुद्धा हसल्या. मीही हसलो बहुतेक, किंवा तसा चेहरा केला.

कचरू हे माझ्या वडिलांचं नाव आहे.

कॉलेजात हे कोणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडे पोराच्या नावामागे बापाचं नाव लागतं, म्हणून शाळेत ते रोज हजेरीत वाचलं जायचं आणि रोज मागच्या बाकांवर खसखस पिकायची. एकदा सरही हसले. अकरावीपासून मी मधल्या नावाच्या जागी नुसतं 'क.' लिहायला लागलो. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाबांची मला लाज वाटत होती असं नाही. निदान मला तसं वाटत नाही. लोक हसले की मला काय करावं ते सुचायचं नाही, एवढंच. आणि या चौघांच्या टेबलावर मला पहिल्यांदाच कुठेतरी आपली जागा आहे असं वाटलं होतं. तिथे पुन्हा तेच हसू ऐकायचं नव्हतं.

"नाव नीट ठेव ना बे," मी म्हणालो. "असं नाव असलं का पूर्ण गोष्टच मोडते."

"काऊन मोडते? मले तर मस्त वाटून राह्यलं."

"राक्षस समोर आहे, आम्ही मरून राह्यलो, आन् कोणीतरी कचरू म्हणून ओरडते. कोणाले भीती वाटन का मग?"

"तुले नाई वाटन. राक्षसाले वाटन."

मास्तरला माझं म्हणणं पटत होतं. एकाने विनोद केला की दुसऱ्याची मेहनत वाया जाते, हे त्याने आधीच्या एका गटात पाहिलं होतं. तिथे एकाचं नाव बटाटा होतं आणि तिसऱ्या आठवड्यात खेळ बंद पडला होता. आम्ही बराच वेळ वाद घातला. मी एकामागून एक मुद्दे मांडले. नावाला वजन पाहिजे, नावाने वातावरण तयार होतं, आपण गोष्टीवर विश्वास ठेवला तरच गोष्ट आपल्यावर ठेवते. सगळे मुद्दे बरोबर होते. पण माझं खरं कारण त्यांत नव्हतं. आरमोरीची मैत्रीण तारकाचे बाण कागदावर मांडत होती. शेवटी रूममेट हटेना, तेव्हा मास्तरने निकाल दिला की नाव राहू दे, मात्र खेळायचं मन लावून.

आणि रूममेट खेळला मन लावून.

तिसऱ्या रविवारी माझा वज्रसेन मेला. राक्षसाशी लढून नाही. पाणी काढायला विहिरीवर वाकला, फाशावर एक आला, आत पडला, आत साप होता. मला इतकं वाईट वाटलं की मी चहासुद्धा घेतला नाही. रूममेट म्हणाला, "नाव जड होतं भाऊ, म्हणून बुडाला."

कचरूला मात्र काही होईना. पुरात वाहून गेला तर झाडाला अडकला. वाघाने धरला तर टोपलं वाघाच्या तोंडात राहिलं आणि हा निसटला. दरीत पडला तर खाली गवताची गंजी होती. फासा त्याच्यासाठी दर वेळी मोठाच पडायचा. मास्तर वैतागून म्हणायचा, "अबे, याले मारू तरी कसा?"

हळूहळू रूममेटने टोपल्याचे विनोद सोडून दिले. त्याच्या कचरूला एक सवय लागली. तो कोणालाच मागे टाकून पुढे जायचा नाही. जखमी झालेल्याला पाठीवर घ्यायचा, शिदोरी आधी दुसऱ्याला द्यायचा. मी नवीन माणूस घेतला होता, एक वैद्य, तरी आमच्या मदतीला कचरूच येणार हे मास्तरला आधीच कळायचं. संकट आलं की आरमोरीचीच पहिली ओरडायची, "कचरूभाऊ, या हो लवकर!" त्यात चेष्टा नसायची. मी मान खाली घालून वैद्याचा कागद पाहत बसायचो. माझ्या बापाला कोणी अशी हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. रविवारची मी वाट पाहायला लागलो ती त्या हाकेसाठी. 

दिवाळीच्या आधीच्या रविवारी कचरूने लोखंडाच्या डोंगरातलं गाव वाचवलं. राजाने त्याला दरबारात बोलावलं. मास्तर म्हणाला, "राजा तुला सरदार करून राह्यला. पाहिजे तर नवीन नावही घे."

रूममेट तयारीनेच आला होता. त्याने खिशातून पेन काढलं. "रणधीरसिंह. आता हा मोठा माणूस झाला, त्याले कचरू म्हणनं शोभत नाई. पहिल्या दिवशी मी उगाच मजाक केली होती."

मास्तर माझ्याकडे पाहून हसला. "घे, झालं तुझ्या मनासारखं."

रूममेटने जुन्या नावावर पेन टेकवलं आणि मी त्याचा हात धरला.

"नको बदलू."

"अबे, तूच तर म्हनत होता!"

"हो. पण नको. नाव बदललं तर मरन तो."

तिघेही माझ्याकडे पाहत राहिले. आता थांबता येत नव्हतं.

मी त्यांना आत्याने सांगितलं ते सांगितलं. बाबांच्या आधी आजीची दोन लेकरं गेली होती. तिसऱ्या वेळी सुईणीने बाळाला आईजवळ ठेवलंच नाही. सुपात घातलं आणि बाहेर केरकचऱ्याच्या ढिगावर नेऊन ठेवलं. शेजारची बाई आली, म्हणाली, "अवं, हा कचरा मले सापडला, कोनाले पाह्यजे का?" आजीने तिला पायलीभर धान दिलं आणि आपलंच बाळ विकत घेतलं. नाव ठेवलं कचरू. मरण शोधत येतं ते कोणाच्यातरी लाडक्या लेकाला. कचऱ्याकडे ते पाहत नाही. आत्या हे सांगताना अजूनही आवाज बारीक करते, मरणाने ऐकू नये म्हणून.

"माझ्या बाबाचं नाव आहे ते," मी म्हणालो. "मधलं. क म्हणजे कचरू." आणि मग मी माझं पूर्ण नाव तिघांसमोर मोठ्याने म्हटलं. अकरावीनंतर पहिल्यांदा.

 रूममेटने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"पहिल्याच दिवशी सांगाचं ना बे."

"तू हसून राह्यला होता."

"मले मालूम असतं तर..."  विनोद न सुचलेला मी त्याला तेव्हाच पाहिला.

आरमोरीची म्हणाली, "मी हसली नव्हती पहिल्या दिवशी. पाह्यलं होतं का कोनी?"

कोणीच पाहिलं नव्हतं.

"माझ्या पणजोबाचं नाव असंच होतं," ती म्हणाली. "पण ते त्याच्या मायनं लाडानं नव्हतं ठेवलं. गावानं ठेवलं होतं. यायले नाव कायले पाह्यजे चांगलं, म्हणून. पणजोबानं बुद्धधम्माची दीक्षा घेतली आन् मग पोरांची नावं अशी ठेवली का कोनी हसू नये." तिने फासा टॉवेलच्या मधोमध ठेवला. "तुझ्या बाबाचं राहू दे. छान आहे. पण मले सगळ्याच कचरूंचं छान नाई वाटत."

 गमतीची नावं खेळात असावीत की नसावीत, हे मला कोणी विचारलं तर मी अजून अडखळतो. एकच नाव एका घरात जीव वाचवायला ठेवलेलं असतं आणि दुसऱ्या घरात मान खाली घालायला लावायला. नुसतं कानांवर पडून ते कळत नाही. आम्ही एवढंच ठरवलं की नाव कुठलंही ठेवा, पण टेबलावर बसलेल्या कोणाचं ते असेल तर त्याने ते सांगावं, आणि बाकीच्यांनी ऐकावं.

त्या दिवशी राजाच्या दरबारात रूममेट उभा राहिला, खरोखरच खुर्ची मागे सारून उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, सरदारकी द्या, पण नाव राहू द्या. कचरूच म्हना."

धान निघाल्यावर बाबा नवीन तांदळाचं पोतं घेऊन एसटीने चंद्रपूरला आले. रविवार होता. रूममेट धावत जाऊन पोतं उचलायला लागला. "द्या काकाजी, मी घेतो." बाबा मेसमध्ये खुर्चीच्या अगदी काठावर बसले. काकूंनी चहा दिला. मी दोन-तीनदा सुरुवात केली आणि शेवटी सांगितलं, "बाबा, आमच्या खेळात एक माणूस आहे. त्याचं नाव तुमचंच आहे."

 रूममेटने पहिल्या दिवशीचा तो कागद पुढे केला. त्याचा चेहरा पडला होता. बाबांनी नावाखाली बोट ठेवून सावकाश वाचलं.

"लढते का हा?"

"लढते ना काकाजी. लय लढते."

"मेला नाई ना?"

"आतापर्यंत तरी नाई."

"नाई मरत," बाबा म्हणाले, जणू त्यांना या विषयातलं पक्कं माहीत होतं. मग त्यांनी गदा, ढाल, पोहणं, वाघाशी झुंज, सगळं एकेक करून पाहिलं आणि कागद परत केला. "आन् धान कापता येते का त्याले?"

रूममेटने मास्तरकडे पाहिलं. मास्तरने मान हलवली. रूममेटने पेन काढलं आणि सगळ्यात खाली लिहिलं, धान कापणे. मग त्याने फासा बाबांच्या हातात दिला. "किती येते ते तुम्हीच ठरवा काकाजी."

बाबांनी फासा उलटसुलट करून पाहिला, बोर पाहावं तसा, आणि टॉवेलवर टाकला.