गुंडाची अळंबीची जागा

रहिमतपूरच्या बाजूच्या त्या गावात गुंडाला कुणी मोठा माणूस म्हणत नसे. जमीन दोन एकर, तीही खडकाळ. पण आषाढ संपत आला की भलेभले त्याच्या दारात यायचे, "गुंडा, अळंबी निघाली का रं?" डोंगरामागच्या झुडपात एका वारुळापाशी दरवर्षी पांढरीशुभ्र अळंबी उगवते, ते वारूळ एकट्या गुंडाला ठाऊक होतं. अळंबीची जागा आमच्याकडे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. गुंडाने तर वीस वर्षांत बायकोला, बनुबाईलाही, पत्ता लागू दिला नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली लालासाहेब सुभेदार फौजेतून पेन्शनीवर गावी आला आणि गुंडाच्या पोटात दुखायला लागलं. दोघे एका वर्गातले. गणितात गुंडा पुढे असायचा, पण हे आठवणारा आता गुंडाच एकटा उरला होता. त्यात सुभेदाराच्या अमेरिकेतल्या पोराने तळहाताएवढं जीपीएस यंत्र पाठवलं. आकाशातल्या उपग्रहांकडून ते म्हणे आपली जागा आकड्यांत सांगायचं. पारावर दुसरा विषयच उरला नाही. त्या वर्षी अळंबीची चौकशी करायला कुणी फिरकलं नाही, आणि गुंडा ते मनात धरून बसला.

एका रविवारी सुभेदाराने शाळेतले कृष्णात मास्तर, गुंडा, बनुबाई अशी पाच-सहा माणसं गोळा करून टूम काढली. "कुणीबी मनातलं दोन आकडे सांगा. आपल्या गावच्या आकड्यांच्या शेपटाला लावून यंत्रात घालतो, ते नेईल तितं जायचं. काय का असंना तितं! वैनी, तुमीच सांगा."

बनुबाई लाजली आणि म्हणाली, "सत्तेचाळीस. आन बारा."

घरात काही विचारलं तर "मला काय कळतंय" म्हणणारी ही बाई! गुंडा सगळ्यांच्या मागून चालू लागला.

यंत्र नाकासमोर न्यायचं. वाटेत घाणेरीचं रान आलं. डावीकडून चांगली पायवाट होती, गुंडा बोलला नाही. सुभेदाराचा सदरा काट्यात टरकन फाटला तेव्हा गुंडाला बरं वाटलं, उगाच खोटं कशाला सांगू? पण ओढा ओलांडला आणि तो झपाझप सुभेदाराच्या बरोबरीला आला. यंत्र त्याच्या वारुळाकडेच निघालं होतं.

वारूळ सत्तर-ऐंशी पावलांवर राहिलं असेल, तेव्हा सुभेदार थांबला. "पोचलो!"

तिथे एक धोंडा होता, थोडं गवत आणि शेळ्यांच्या लेंड्या. गुंडा थोडक्यात वाचला. आता फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंच त्याला जमलं नाही. कृष्णात मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, आणि बनुबाई लहान पोरीसारखी हसत म्हणाली, "आवं भावजी, माझ्या आकड्यांनी आणलं की वो हितं!" इतकं मोकळं ती त्याच्या घरात कधी हसली होती, हे गुंडाला आठवेना.

"ह्या धोंड्यापायी आलासा व्हय येवढी मानसं?" तो ओरडला. "चला माज्यामागं. दावतो!"

झुडूप बाजूला सारून त्याने त्यांना वारुळापाशी उभं केलं. सगळीकडे अळंबीच अळंबी. सगळे वाकून बघायला लागले. बनुबाई डोळे मोठे करून नवऱ्याकडे बघत राहिली. ते अर्धं मिनिट गुंडाचं होतं आणि ते त्याने छाती काढून भोगलं.

मग यंत्राची कळ दाबल्याचा आवाज आला.

"काय केलंस रं?" गुंडाने विचारलं.

"काय न्हाई गड्या. जागा ठेवली ह्यात. आता आंधळाबी येईल."

पूस ते, एवढंच म्हणायचं होतं. पण बायको बघत होती, मास्तर पाठ थोपटत होते. गुंडा हसला. "ठेव की! माज्या बाचं काय जातंय?"

पुढच्या रविवारी तो फडकं घेऊन एकटाच वारुळावर गेला. अळंबी मुळापासून उपटून नेलेली. माती उकरलेली, वारुळाचं एक अंग ढासळलेलं. परत तिथे काही उगवेल, असं त्याला वाटेना.

दुपारी बनुबाईने ताट वाढलं. भाकरीशेजारी वाटीत अळंबीचं कालवण होतं. "लालासाहेबभावजींनी धाडलंय," ती म्हणाली. "म्हणालं, गुंडाला आवडतं."

गुंडाने भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. कालवण लय झ्याक झालं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट हाय व्हय?" बनुबाईने विचारलं.

"व्हय," गुंडा म्हणाला.