वाडगा कुणी कातला

सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये संजना लेथवर शिसवी लाकडाचे झाकणाचे वाडगे कातायची. हे काम ती सासऱ्यांकडून शिकली होती. विक्री तिची मैत्रीण योगिनी पाहायची. वाडग्यांवर दोघींचं नाव लावायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

गंगापूर रोडच्या प्रदर्शनाला संजना न सांगताच गेली. टेबलामागच्या फलकावर एकट्या योगिनीचा फोटो होता आणि ती एका बाईंना सांगत होती, "हे सगळं मी स्वतः कातते." तेवढ्यात तिला संजना दिसली. जरा गडबडली, मग हसून म्हणाली, "ही संजना. आमच्याकडे पॉलिश करते."

संजनाचे कान तापले. भुसा अडकलेली नखं तिने ओढणीआड लपवली, मग स्वतःचाच राग येऊन हात बाहेर काढले. "वाडगे मी कातते," ती म्हणाली. बाई अवघडून पुढच्या स्टॉलकडे सरकल्या.

दुसऱ्या दिवशी योगिनी शेडमध्ये आली. "एवढं मनावर घेतलंस? अगं, लोकांना एकच चेहरा लागतो."

"मग तोच चेहरा उभा कर लेथवर," संजना म्हणाली आणि तिने मशीन चालू केलं. योगिनी बोलत राहिली, पण त्या घरघरीत काही ऐकू येईना. शेवटी ती निघून गेली. मग मात्र संजनाने पटाशी जास्तच दाबली आणि लेथवरच्या झाकणाचा काठ चिरला.